कशासाठी पाहिजे, अक्का?

सोलापूरच्या पूर्व भागातलं एक दाखल्यांचं केंद्र. दहा बाय बाराचा गाळा, दोन संगणक, एक प्रिंटर आणि बाहेर पायरीवर बसलेली रांग. 2024 च्या जुलैत मी तिथे तीन दिवस बसून होतो. शाळा-कॉलेजांचे प्रवेश चालू होते, त्यात लाडकी बहीण योजना नुकतीच जाहीर झालेली. रांगेत तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी एकाच वेळी ऐकू येत होतं. बहुतेक बायका एकाच कागदासाठी आल्या होत्या: उत्पन्नाचा दाखला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या सुमारास एक विडी कामगार बाई आत आल्या. त्यांना मी अक्काच म्हणतो, केंद्रातला मुलगाही तेच म्हणत होता. प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, आधार, लाइटबिल, सगळं नीट घडी घालून आणलेलं. मुलाने कागद चाळले आणि पहिला प्रश्न विचारला, "कशासाठी पाहिजे, अक्का?"

"घरात किती मिळतं?" हा प्रश्न त्याने विचारलाच नाही. त्या तीन दिवसांत आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हाच पहिला प्रश्न होता, आणि तो का, हे कळायला मला अक्काच भेटाव्या लागल्या.

त्या म्हणाल्या, "पोरीच्या फार्मसीला. आन् सासूबाईंच्या निराधारला पण तोच चालंल का?"

"दोन्हीला एक नाही चालणार. निराधारला एकवीस हजारांच्या आत लागतो."

मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाची फी माफ करण्याचा निर्णय त्याच महिन्यात निघाला होता, त्याची मर्यादा वर्षाला आठ लाख. संजय गांधी निराधार योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला 21,000. सासूबाई आणि नात एकाच चुलीवरचं जेवतात. पण एकीसाठी ते घर आठ लाखांच्या आत असलं की पुरतं, आणि दुसरीसाठी त्याच घराला महिन्याला साडेसतराशे रुपयांत भागवतो असं लिहून द्यावं लागतं. मुलाने थोडा विचार करून मुलीच्या अर्जात साठ हजार लिहिले आणि सासूबाईंचा अर्ज वेगळा करू म्हणाला. स्वयंघोषणापत्राचा कागद पुढे आला. अक्कांनी त्यावर सावकाश सही केली. त्यातली माहिती खोटी निघाली तर शिक्षा होते, हे त्याच कागदावर छापलेलं असतं. तो त्यांना कुणी वाचून दाखवला नाही.

मग मी त्यांच्याबरोबर पायरीवर बसून खरा हिशेब मांडला. त्या रात्री पानं भिजत घालतात, सकाळी पत्र्याचं माप धरून कात्रीने कापतात. मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि हात चालू. सरकारी कामाचे खाडे नसतील त्या दिवशी सातशे विड्या होतात. पानं वाईट निघाली तर पदरचे पैसे घालून दुसरी घ्यावी लागतात. कारखान्यात माल दिला की तपासणीत काही विड्या बाद होतात. हे सगळं बाजूला ठेवून हजाराला दोनशे रुपये दर धरला आणि महिन्याला पंचवीस दिवस, तर साडेतीन हजार. वर्षाचे बेचाळीस हजार. नवरा यंत्रमागावर. त्याला दिवसाला चारशे धरले तर पंचवीस दिवसांचे दहा हजार, वर्षाचे एक लाख वीस हजार. दोघांचे मिळून एक लाख बासष्ट हजार. माग बंद राहिले, सूत महागलं, दिवाळीनंतर काम मंदावलं, तर यातले तीस-चाळीस हजार सहज गळतात.

हा आकडा ऐकून अक्का दचकल्या. "एवढं? कुठं जातं मग?" पाच माणसांत वाटलं तर माणशी रोजचे एकोणनव्वद रुपये. त्यातच भाडं, लाइट, दवाखाना, मुलीचा बसपास.

आता हा एक लाख बासष्टचा आकडा घेऊन सरकारच्या दारोदार फिरून बघा. महाराष्ट्रात तीन रंगांची शिधापत्रिका 1 मे 1999 पासून आली. वर्षाला 15,000 पर्यंत उत्पन्न असेल तर पिवळी, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, आणि लाखाच्या पुढे गेलं की शुभ्र. म्हणजे अक्कांच्या घराने खरं सांगितलं तर त्यांना पांढरं कार्ड, डॉक्टर-वकिलांच्या रांगेत. खासगी शाळेतल्या पंचवीस टक्के राखीव जागांसाठी आर्थिक दुर्बल गटाची मर्यादा एक लाख, तिथेही बाहेर. अन्न सुरक्षा कायदा राज्यात 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला. प्राधान्य कुटुंबासाठी शहरात 59,000 आणि खेड्यात 44,000 ही मर्यादा ठरली, तिथेही बाहेर. मात्र लाडक्या बहिणीसाठी अडीच लाख, तिथे आत. पंतप्रधान आवासच्या दुर्बल गटासाठी तीन लाख, तिथेही आत. एकाच राज्यात, एकाच वर्षी, तेच घर कुठे गरीब तर कुठे सुखवस्तू ठरतं.

शहरातल्या 59,000 चा हिशेब मी घरी येऊन केला. पाच माणसांना वाटले तर माणशी रोज सव्वाबत्तीस रुपये. 2011 मध्ये नियोजन आयोगाने शहरात रोज 32 रुपये खर्चणारा माणूस गरीब नाही असं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं, त्यावर देशभर केवढा गदारोळ झाला होता. सोलापूरच्या रेशन दुकानात त्याच पट्टीच्या जवळपासचा आकडा दहा वर्षांनंतरही चालू आहे, आणि त्याची ओरड नाही. 1971 मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेत दांडेकर आणि रथ यांनी गरिबीचा अभ्यास मांडला, तेव्हा या अर्थतज्ज्ञांनी दिवसाला 2,250 कॅलरी मिळायला किती खर्च लागतो तिथून सुरुवात केली होती. माणसाला किती लागतं, हा तो प्रश्न होता. आताच्या मर्यादा तो प्रश्न विचारत नाहीत.

आकडा पुढे न सरकण्याचं कारणही साधं आहे. अन्न सुरक्षेत राज्याला सुमारे सात कोटी माणसांचा इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरलेली कमाल संख्या, मिळाला, तो 2011 च्या जनगणनेवर. मर्यादा वाढवली तर पात्र माणसं वाढतील, इष्टांक मात्र तेवढाच राहील. म्हणून नाव लावायला गेलं की "इष्टांक शिल्लक नाही" असं उत्तर येतं. कुणी मेलं, कुणी गाव सोडलं, तर जागा होते.

मग अक्कांच्या पिशवीतलं रेशनकार्ड पिवळं कसं? या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. राज्य सरकारने विडी कामगारांच्या कुटुंबांना, तसंच पारधी आणि कोल्हाटी समाजाला, तात्पुरत्या म्हणून पिवळ्या शिधापत्रिका देण्याचा निर्णय फार पूर्वी घेतला. त्यात आकड्याचा खेळ नाही. बाई विडी वळते, एवढं पुरे. तिच्याकडे विडी कामगाराचं ओळखपत्र असतं, फंडाची नोंद असते, आणि काहीच नसलं तरी तिचा हात असतो. अक्कांनी उजवा हात पुढे केला. अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची कातडी तंबाखूने पिवळी पडून गुळगुळीत झाली होती. रेशन दुकानातल्या मशीनवर त्यांचा अंगठा दोनदोनदा लावूनही उमटत नाही, मग त्या नवऱ्याला नाहीतर मुलीला घेऊन जातात.

म्हणजे सरकारला जे माहीत करून घ्यायचं होतं, ते त्याला कामावरून कळलं होतं. घरांच्या बाबतीतही सोलापुरात हेच झालं. कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, दहा हजार घरांची. 2006 मध्ये तिथली घरं बायकांच्या हाती आली. त्याच कुंभारीला रे नगर झालं, तीस हजार घरांचा प्रकल्प, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 ला दिल्या गेल्या. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांनी यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. विडीवाल्या, यंत्रमागवाले, कचरा वेचणारे अशी कामावरून माणसं जमवली गेली, आणि तीन लाखांची मर्यादा इथल्या कामगाराला झेपेल अशी होती.

अक्कांच्या नवऱ्याला मात्र असं ओळखपत्र नाही. यंत्रमागावर मालक बदलतो, हजेरीची वही मालकाकडे राहते. उद्या अक्कांचे हात थकले आणि विडी सुटली, तर ते घर पुन्हा आकड्यावर येईल. धुणीभांडी करणाऱ्या बायकांची, हमालांची, बांधकामावरच्या मजुरांची गोष्ट तीच. त्यांना रोज मिळेल तसं मिळतं, आणि त्यांच्याकडून वर्षाचा एक गोल आकडा मागितला जातो. तीन वर्षांच्या दाखल्यावर तर तीन ओळी असतात. तिन्ही वर्षांचे आकडे त्या मुलाला मनानेच भरावे लागतात. तलाठी अहवाल देतो, तोही त्याच कागदांवरून. यात कुणी चोर आहे असं मला तीन दिवसांत वाटलं नाही. मुलगा बायकांची कामं व्हावीत म्हणून आकडा बसवत होता. 1999 ची मर्यादा आजही लावली, तर गरिबाला खोटं लिहिल्याशिवाय दुसरा मार्ग उरत नाही, आणि त्या खोट्याची सही तिची असते.

माझं म्हणणं एवढंच आहे. मर्यादा दरवर्षी महागाईप्रमाणे सरकवा, आणि सगळ्या योजनांना मिळून एकच ठेवा. विडी कामगारांना जसा कामावरून न्याय मिळाला, तसा यंत्रमाग कामगाराला, घरकामगार बाईला, हमालाला मिळू द्या. ते होईपर्यंत केंद्र चालवणाऱ्या पोरांनो, तुम्हाला एक विनंती. सहीसाठी कागद पुढे करण्याआधी त्यातला आकडा मोठ्याने वाचून दाखवा, तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत, जिला जे कळेल त्यात. अक्कांचा दाखला बाराव्या दिवशी आला. आपलं वर्षाचं उत्पन्न साठ हजार आहे, हे त्यांना मुलीने तो घरी वाचून दाखवला तेव्हा कळलं.