पिकाचूची वीज आणि ६८५ मुले

मुले टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली की घरोघरी आई ओरडते, "अरे, मागे सरका, डोळे फुटतील!" मुले तेवढ्यापुरती वीतभर मागे सरकतात आणि पुन्हा जागच्या जागी येतात. आईच्या ओरडण्यात किती तथ्य आहे? जपानमध्ये १९९७ साली घडलेली एक गोष्ट प्रत्येक आईबापाने समजून घ्यावी, म्हणून आज आम्ही ती येथे देत आहोत.

'पोकेमॉन' हे नाव आपल्या मुलांना सांगावे लागत नाही. पिवळा, गुबगुबीत, गालातून वीज सोडणारा पिकाचू दप्तरावर असतो, कंपासपेटीवर असतो. पण हे कार्टून मुळात एका खेळावरून निघाले, हे पुष्कळांना ठाऊक नाही. सातोशी ताजिरी नावाच्या जपानी माणसाला लहानपणी किडे पकडून जमवण्याचा भारी नाद होता. पुढे शहर वाढले, शेते आणि तळी बुजली, किडेही गेले. शहरातल्या मुलांना ती मौज पुन्हा मिळावी म्हणून त्याने हातात मावणाऱ्या 'गेम बॉय' यंत्रासाठी एक खेळ रचला. चित्रविचित्र प्राणी शोधायचे, पकडायचे आणि मित्राशी अदलाबदल करायची. फेब्रुवारी १९९६ मध्ये हा खेळ बाजारात आला आणि अफाट चालला. मग १ एप्रिल १९९७ पासून त्यावर टीव्ही मालिका सुरू झाली. मालिकेतल्या दहा वर्षांच्या मुलालाही सातोशी हेच नाव दिले. आपल्याकडे हिंदीतून आली तेव्हा मुलांनी त्याला अॅश म्हणून ओळखले.

आता त्या संध्याकाळकडे वळू. १६ डिसेंबर १९९७, मंगळवार. साडेसहाला मालिकेचा अडतिसावा भाग लागला. अॅश आणि त्याचे मित्र पोरिगॉन नावाच्या प्राण्याबरोबर संगणकाच्या आत शिरतात. बाहेरून त्यांच्यावर क्षेपणास्त्रे सुटतात. पिकाचू वीज सोडून ती हवेतच फोडतो. तो स्फोट दाखवताना पडद्यावर लाल आणि निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा, काही सेकंदच लुकलुकला.

तेवढ्याने अनर्थ झाला. घराघरांत मुले कोसळली. कुणाला आकडी आली, कुणाची शुद्ध हरपली, कुणाला उलट्या झाल्या, कुणाला दिसेनासे झाले. त्या संध्याकाळी ६८५ मुलांना रुग्णालयांत नेले. त्यात ३१० मुलगे आणि ३७५ मुली होत्या. रात्रीच्या बातम्यांत तोच तुकडा पुन्हा दाखवला, तेव्हा आणखी काही मुलांना त्रास झाला. बहुतेक मुले लवकर बरी झाली आणि कुणाचाही जीव गेला नाही.

यापैकी अनेक मुलांना आधी कधीच फिट आली नव्हती. मग हे कसे झाले? आपल्या मेंदूतल्या पेशी एकमेकींना बारीक विजेचे संदेश देत असतात. काहींच्या मेंदूत पाहण्याचे काम करणाऱ्या पेशी नाजूक असतात. डोळ्यांवर भराभर उजेड-अंधार आदळला की त्या सगळ्या एकाच वेळी पेटून उठतात आणि फिट येते. लाल रंगाचा मारा तर अधिक घातक. मिरगी असलेल्या शंभर जणांत साधारण तीन ते पाच जणांना असा प्रकाशाचा त्रास असतो, आणि तो लहान व वयात येणाऱ्या मुलांत जास्त दिसतो.

जपानी लोकांनी मग काय केले, हे आम्हाला विशेष महत्त्वाचे वाटते. मालिका चार महिने बंद ठेवली. डॉक्टर, सरकारी खाती आणि टीव्ही कंपन्या यांनी मिळून कारण शोधले. ब्रिटनमध्ये १९९३ साली नूडल्सच्या एका जाहिरातीने काहींना फिट आली होती आणि तेथे नियम झाले होते. त्यांचा अभ्यास करून एप्रिल १९९८ मध्ये जपानने आपले नियम केले. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा प्रकाश लुकलुकू नये, लाल रंगाची खास काळजी घ्यावी. कार्टूनच्या सुरुवातीला सूचना येऊ लागली, "खोलीत उजेड ठेवा, टीव्हीपासून लांब बसा." दुःखाला कारण असते, आणि कारण सापडले की उपायही सापडतो, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको.

एक अन्याय मात्र झाला. वीज सोडली पिकाचूने, पण बदनाम झाला पोरिगॉन. तो भाग पुन्हा कधी दाखवला नाही, आणि पोरिगॉनला मालिकेत पुन्हा प्रमुख काम मिळाले नाही. लाडक्याचे खपून जाते आणि दुबळ्याच्या माथी दोष बसतो, हे कार्टूनच्या दुनियेतही चुकले नाही!

आता आपल्या घराकडे पाहू. आपली घरे एका खोलीची. बाप रात्रपाळी करून झोपलेला असतो, म्हणून मुले दिवा मालवून, आवाज बारीक करून, पडद्याला नाक लावून बसतात. आता तर मोबाईल आले. मुले गोधडीत तोंड खुपसून अंधारात खेळतात. नेमके हेच टाळायचे आहे. एक छोटा दिवा चालू ठेवा. खोली देईल तेवढे मागे बसवा. पडदा फार लुकलुकू लागला तर हाताच्या तळव्याने एक डोळा पुरता झाकून नजर वळवायला मुलांना शिकवा. नुसते डोळे मिटून भागत नाही, कारण पापणीतूनही उजेड आत जातो.

आणि फिट आलीच तर? नाकाला चप्पल लावू नका, कांदा लावू नका. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा, डोक्याखाली मऊ कापड द्या, मूल कुशीवर वळवा आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, किंवा एकामागून एक येऊ लागली, तर लगेच दवाखाना गाठा. फिट थांबली तरी डॉक्टरांना दाखवा. गोळ्या सुरू असतील तर त्यांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नका. अंगारा, उतारा, बाहेरची बाधा यात दिवस घालवू नका. बाधा असती तर एका संध्याकाळी, एकाच कार्टूनच्या वेळी, ६८५ मुलांना झाली असती काय?

मुलीला फिट येते ही गोष्ट तर लग्न मोडेल म्हणून दडवतात आणि औषध चोरून देतात किंवा देतच नाहीत. आपल्यालाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात पूर्वी फेफरे हा लग्नाला अडथळा मानला होता. तो शब्द १९९९ साली काढून टाकला. कायद्याने कलंक पुसला, आता आपल्या मनातून पुसायचा राहिला आहे.

पिकाचू मुलांचा लाडका आहे, तो राहू द्या. टीव्ही फोडायची गरज नाही. आज संध्याकाळी मुले पडद्यासमोर बसली की फक्त उठा आणि दिवा लावा.