सवण्याचे काम आणि कामाची बोली

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीत व जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत माळवदाची जी घरे अद्याप नांदती आहेत, त्यांच्या माजघरात दिवसा पडणारा उजेड बहुधा खिडकीतून येत नाही. तो वरून येतो. शेजारच्या घराला भिंत लागून असल्यामुळे बाजूस खिडकी काढण्यास वाव नसतो, म्हणून छतालाच एक चौकोनी तोंड ठेवलेले असते. त्यास सवणे किंवा साने म्हणतात. पूर्वी चुलीचा धूर त्यातून वर जाई व उजेड खाली येई. पाऊस आला म्हणजे वर झाकण ठेवीत. पुढे झाकणाच्या जागी काच आली. ती तडकली, चौकट गंजली किंवा कडेने पाणी मुरू लागले म्हणजे सवणे बदलण्याची वेळ येते. हे काम दिसावयास जितके लहान, तितकेच तंट्यास कारण होण्याजोगे असते.

याचे मूळ असे की, एका सवण्याला अनेक हात लागतात. छत उघडतो गवंडी, लाकूड नीट करतो सुतार, लोखंडी वा ॲल्युमिनियमची चौकट करतो दुसराच कोणी, आणि काच बसविणारा चौथा. प्रत्येकाचे काम आपापल्या जागी चोख असू शकते. तरीही पहिल्या पावसात घर गळते. कारण पाणी काचेतून शिरत नाही, किंवा मातीतूनही एकाएकी शिरत नाही. ते शिरते काच व चौकट, चौकट व कठडा, कठडा व छत यांच्या सांध्यांतून. सांधा दोन कारागिरांच्या मध्ये असतो, आणि बोली करताना तोच नेमका कोणाच्याही वाट्यास आलेला नसतो. मालक विचारतो, “मिस्त्री, कडेचे काय?” आणि उत्तर मिळते, “ते बघून घेऊ, मालक.” तंट्याचे बीज या एका वाक्यात पडते.

गळती म्हणजे केवळ भिंतीवरचा डाग नव्हे. माळवदात खाली तुळया, त्यांवर आडवी लाकडे वा फळ्या, त्यांवर पाला, आणि सर्वांवर दडपलेल्या मातीचा जाड थर असतो. सवण्याच्या कडेने मुरलेले पाणी मातीस जड करते आणि तेच पाणी खालच्या लाकडास कुजविते. म्हणजे भार वाढतो आणि आधार दुबळा होतो. कुजणे आतून चालत असल्यामुळे ते वरून दिसत नाही. शहरात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. सांधा कच्चा राहिला तर त्याची परीक्षा लागलीच होते.

सबब, कामास हात लावण्यापूर्वी कोणत्या गोष्टी ठरवाव्यात, ते पाहणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट मापाची. तोंड आहे तेवढेच ठेवावयाचे की वाढवावयाचे? आहे तेवढे ठेवल्यास काम कडेपुरते राहते. वाढविल्यास एखादे आडवे लाकूड तोडावे लागते, आणि तोडलेल्या टोकास आधार म्हणून दोन तुळयांच्या मध्ये नवे लाकूड बसवावे लागते. हे निराळे काम आहे व त्याचा दरही निराळा. “थोडे मोठे करा” असे काम चालू असताना सांगणे म्हणजे नवी बोली न करता नवे काम सांगणे होय.

दुसरी गोष्ट कठड्याची. सवण्याची चौकट छताच्या सपाटीवर कधीही बसवू नये; भोवती निदान सहा इंच उंच कठडा असावा. छतावरील पाणी अडविणारा थर या कठड्यावर चढवून चौकटीच्या ओठाखाली न्यावा, म्हणजे पाणी ओठावरून बाहेर गळते. हा थर कोण चढविणार, चौकटीचा ओठ किती बाहेर येणार, आणि दोहोंमधली फट कोण भरणार, हे माणसाचे नाव घेऊन ठरवावे. शक्य असेल तर सर्व सांधे एकाच मिस्त्रीच्या अंगावर द्यावेत व इतरांचे काम त्याने तपासून घ्यावे.

तिसरी गोष्ट काचेची. नुसते “चांगली काच” असे म्हणणे व्यर्थ आहे. साधी काच फुटली की धारदार तुकडे खाली पडतात. टफन्ड काचेचे बारीक दाणे होतात, पण तेही खालीच येतात. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये चिवट पडदा असतो व फुटली तरी तुकडे त्यास चिकटून राहतात. डोक्यावरच्या कामास हीच योग्य. जात, जाडी आणि रंग तिन्ही लिहावेत. हे शहर २० अक्षांशाच्या किंचित दक्षिणेस असल्याने मेच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. साध्या पारदर्शक काचेखाली त्या दिवसांत माजघर भट्टीसारखे तापते. माळवदावर पापड वाळतात आणि संक्रांतीस पोरे पतंग उडवितात. म्हणून काचेवर मजबूत जाळीही बोलीतच धरावी.

चौथी गोष्ट न दिसणाऱ्या कामाची. छत उघडल्यावर लाकूड कसे निघेल, हे कोणीच आधी सांगू शकत नाही. तेव्हा उक्ते काम दिले असले, तरी कुजके लाकूड बदलण्याचा दर फुटावर वेगळा ठरवावा, आणि मालकास दाखविल्यावाचून ते बदलू नये. पुष्कळ भांडणे या एका कलमाने टळतात.

पाचवी गोष्ट कामाच्या काळातील. उघडे तोंड रात्री कोणी झाकावे? वळवाचा पाऊस विचारून येत नाही. ताडपत्री कोणाची, परांची कोणाची, राडारोडा कोण नेणार, जुनी चौकट कोणाची, हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. परंतु कामाच्या शेवटी वाद बहुधा याच प्रश्नांवर होतो.

शेवटी परीक्षा व पैसा. सिमेंटच्या गच्चीवर कठड्याभोवती पाणी कोंडून २४ तास पाहता येते. मातीच्या माळवदावर तसे मुळीच करू नये. तेथे काच व कठडा यांवर काही वेळ पाण्याची धार सोडून खालून निरखावे. बयाणा, चौकट बसल्यावरचा हप्ता, परीक्षेनंतरचा हप्ता, आणि पहिल्या मोठ्या पावसापर्यंत राखून ठेवावयाची लहानशी रक्कम, असे टप्पे आधीच सांगावेत. ही रक्कम वेळेवर देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ती दाबून ठेवण्याचे ते निमित्त नव्हे.

काम वाटून देण्याची ही शिस्त या शहरास अपरिचित नाही. १७व्या शतकात दिलरास बानू बेगमेच्या स्मरणार्थ उभारलेल्या बीबी का मकबऱ्याच्या प्रवेशद्वारावरील लेखात रचनाकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय ही दोन नावे आपापल्या कामासह आढळतात. गुलाम मुस्तफाच्या ‘तारीखनामा’त त्याचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा आण्यापर्यंत नमूद आहे. संगमरवर भिंतीच्या खालच्या पट्ट्यास व घुमटास, मधल्या भागास काळा दगड आणि त्यावर गुळगुळीत गिलावा, अशी सामानाची वाटणीही तेथे डोळ्यांना दिसते. बादशाही इमारतीस जो हिशेब लागला, तो चार फुटी सवण्यास नको असे मानण्याचे कारण नाही.

कायद्याचा आधारही हेच सांगतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ अन्वये तोंडी करारही करारच असतो. परंतु कलम २९ प्रमाणे ज्याचा अर्थ निश्चित नाही व निश्चित करताही येत नाही, तो करार शून्य ठरतो. उलटपक्षी कलम ७० असे म्हणते की, फुकट करण्याचा हेतू नसता कोणी दुसऱ्यासाठी रीतसर काम केले व त्याचा लाभ त्या दुसऱ्याने घेतला, तर त्याने मोबदला दिला पाहिजे. म्हणजे स्पष्ट बोली मालकाचे जितके रक्षण करते, तितकेच कारागिराचेही करते. अर्थात् लहानशा सवण्यासाठी कोणी न्यायालयाची पायरी चढत नाही. म्हणूनच एका कागदावर दहा ओळी लिहून दोघांनी सही करणे अधिक शहाणपणाचे.

त्या दहा ओळींत बाकी काही राहिले तरी चालेल. पण सांधा कोणाचा, ही एक ओळ राहू नये.