हंडा खरा, पत्ता खोटा

जालना जिल्ह्यात जिथे पडकी गढी, तिथे मोहरांच्या हंड्याची गोष्ट. कुठे त्या हंड्यावर नाग राखण बसलेला असतो, कुठे पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातल्याशिवाय तो दिसत नाही, तर कुठे खणायला लागले की हंडा भुईतल्या भुईत सरकतो. या जुन्या सरंजामात आता मेटल डिटेक्टरची भर पडली आहे. पायाळू माणूस शोधण्यापेक्षा यंत्र मागवणे सोपे. म्हणूनच एक प्रश्न नीट तपासून पाहण्यासारखा आहे: अशा दंतकथांचा माग काढत गेलेल्या कुणाला खरोखर नाण्यांचा साठा सापडला आहे का?

सापडला आहे. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर एका शेतकऱ्याला शेतात काम करताना चांदीची नाणी मिळाली होती, अशी वदंता रेग मीड आणि रिचर्ड माइल्स या दोन हौशी शोधकांच्या कानावर आली. तीस वर्षे ते अधूनमधून त्या भागात डिटेक्टर घेऊन फिरत राहिले. 2012 मध्ये आधी सुटी नाणी लागली, मग खाली एक मोठा घट्ट गोळा लागला. तिथेच त्यांनी हात थांबवला आणि अधिकाऱ्यांना कळवले. पुरातत्त्वज्ञांनी तो गोळा आख्खा उचलला. एकेक नाणे सुटे करायला काही वर्षे गेली आणि मोजदाद सुमारे 70 हजारांवर पोहोचली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, ज्युलियस सीझरच्या फौजा गॉल प्रांत जिंकत होत्या त्या काळातली ती केल्टिक नाणी होती.

आता दुसरी गोष्ट. 2013 च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात डौंडियाखेडा इथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने खोदकाम सुरू केले. पडक्या किल्ल्याखाली हजार टन सोने असल्याचे स्वप्न एका साधूला पडले होते. भूवैज्ञानिकांच्या यंत्रांनाही जमिनीखाली काहीतरी वेगळे असल्याच्या खुणा दिसल्या होत्या. महिनाभराने खड्ड्यातून विटांच्या भिंती आणि खापरे निघाली, सोने निघाले नाही.

दोन्ही ठिकाणी दंतकथा होती, दोन्ही ठिकाणी यंत्रेही होती. फरक दंतकथेच्या जातीत आहे. जर्सीची वदंता म्हणजे एका खऱ्या घटनेची आठवण होती: शेतकरी, शेत, चांदीची नाणी. ती तपासून पाहता येत होती. उन्नावच्या गोष्टीत कुणी, कधी, काय पाहिले याचे उत्तर स्वप्नापाशी संपत होते. आपल्याकडच्या बहुतेक हंड्यांची गोष्ट या दुसऱ्या जातीची असते. पण "आजोबांच्या वेळी विहीर खणताना चार नाणी निघाली होती" असे कुणी ठामपणे सांगितले, तर मी कान देऊन ऐकेन.

या भागात धन पुरले गेले असेल, यात मात्र मला शंका वाटत नाही. "जालना सोने का पालना" ही म्हण उगाच रुळलेली नाही. कापड आणि कापसाच्या व्यापारावर वाढलेली ही पेठ मोगल काळात सधन होती. 1679 च्या नोव्हेंबरात छत्रपती शिवाजी महाराजांच्या फौजेने ती लुटली. पुढेही निजाम, मराठे, पेंढारी आणि इंग्रज यांच्या फौजा या मुलखातून जात-येत राहिल्या. बँक नाही आणि उद्या दारात कोणाचे घोडेस्वार येतील याचा नेम नाही, अशा वेळी सावकाराची तिजोरी म्हणजे घराची जमीनच. पुरलेले धन बहुतेक जण धोका टळला की काढून घेत. ते मागे राहते ते मालक परतला नाही तर, किंवा त्याला जागा सापडली नाही तर. लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याने 1667 मध्ये डच आरमाराच्या धास्तीने आपले सोने गावच्या बागेत पुरायला लावले. काही महिन्यांनी तो स्वतः उकरायला गेला, तेव्हा जागा नीट आठवेना. पिशव्या कुजून नाणी मातीत पसरली होती. रात्री कंदिलाच्या उजेडात माती चाळूनही काही नाणी मिळाली नाहीतच. पुरणाऱ्याच्या घरातच काही महिन्यांत पत्ता असा धूसर होत असेल, तर तीनशे वर्षांनंतरच्या गावगप्पांना तो अचूक कसा आठवावा?

महाराष्ट्रात खरोखर सापडलेल्या साठ्यांची नोंद हेच सांगते. नाशिकजवळ जोगलटेंभी इथे 1906 मध्ये तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली. आजच्या वाशिम जिल्ह्यातल्या तऱ्हाळा इथे 1939 मध्ये सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा मोठा साठा मिळाला. पोटीन म्हणजे तांबे, शिसे आणि कथील यांचा मिश्रधातू. दायमाबादला 1974 मध्ये एका झुडपाच्या मुळाशी खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा निघाला. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. 2021 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखली भागात बांधकामाच्या खोदाईत निघालेली 216 सोन्याची नाणी पोलिसांनी ताब्यात घेतली. नांगर, कुदळ, पायाची खोदाई यांच्या खात्यावर अशा नोंदी आहेत. मांत्रिकाच्या खात्यावरची एकही मला ठाऊक नाही. आणखी एक गोष्ट दंतकथा सांगत नाही: सातवाहनांनी चलनासाठी चांदी, तांबे, शिसे आणि पोटीन वापरले. त्या काळाच्या हंड्यात सोन्याच्या मोहरा शोधणारा माणूस खरा हंडा हाती आला तरी निराशच होईल.

मग यंत्राचे काय? डिटेक्टरच्या टोकाला तारेचे वेटोळे असते. त्यातून सतत दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते क्षेत्र जमिनीतल्या धातूत गोल गोल फिरणारे प्रवाह निर्माण करते. त्या प्रवाहांचेही एक क्षीण चुंबकीय क्षेत्र असते आणि यंत्र नेमके तेच टिपते. उलट येणारा संकेत किती मागे रेंगाळतो, यावरून धातूचा अंदाज बांधतात. चांदी-तांब्यात प्रवाह जास्त वेळ टिकतो, शिसे-पोटीनमध्ये लवकर विरतो, लोखंड वेगळीच खूण देते. म्हणून "कचरा गाळण्याची" कळ दाबून फिरणारा शोधक कमी वाहक धातूचे नाणे सहज ओलांडून पुढे जाईल.

खोलीचे गणित त्याहून निष्ठुर आहे. क्षेत्र जाताना अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते आणि येतानाही तसेच. म्हणजे लहान वस्तूची खोली दुप्पट झाली की संकेत चौसष्ट पटींनी घटतो. साध्या यंत्राला सुटे नाणे वीत-दीड वीत खोलीपर्यंत कळते. मोठा हंडा मीटरभर खोल कळला तर नशीब. जाहिरातीतले "पन्नास फूट खोल सोने दाखवणारे" यंत्र या नियमातून सुटू शकत नाही.

त्यात आपली जमीन. मराठवाड्याची काळी माती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या बेसाल्ट खडकापासून बनली आहे. त्यात लोहयुक्त चुंबकीय खनिजे भरपूर असतात. ती स्वतःच संकेत देतात आणि यंत्र रिकाम्या जागीही वाजते. शिवाय उन्हाळ्यात या मातीला भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि मिटते. वरची वस्तू भेगेतून खाली जाते. सुटी नाणी अशाने खरेच जागा बदलतात. सरकणाऱ्या हंड्याच्या समजुतीला एवढा कण आधार देता येईल. आणि गढीच्या आसपास जे हमखास वाजते, ते म्हणजे खिळे, बैलांच्या नाला, फाळाचे तुकडे. यंत्र धातू सांगते, धन सांगत नाही. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला टेलिफोनचे जनक ग्रॅहम बेल असेच यंत्र घेऊन गेले होते. गोळी सापडली नाही. पलंगाच्या गादीतल्या स्प्रिंगांनी यंत्राला चकवले, असे नंतर सांगितले गेले.

या साऱ्या अनिश्चिततेवर भोंदू लोक पोट भरतात. राईस पुलर, म्हणजे तांदूळ खेचून घेणारी म्हणे चमत्कारी धातूची वस्तू, हिच्या नावाने लाखो रुपयांना गंडा घातल्याच्या बातम्या आपण वाचतो. गुप्तधनासाठी अघोरी कृत्ये करणे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याआधीचा, 1878 चा निखात निधी कायदा तर आजही लागू आहे. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे काहीही सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. न कळवणाऱ्याला वर्षापर्यंतची कैद होऊ शकते. पण कळवणाऱ्यालाही कायद्याने हक्क दिला आहे: धन बेवारस ठरले आणि सरकारने ते घेतले, तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश रक्कम वाढवून मोबदला द्यायचा. हे कलम गावोगाव माहीत असते, तर किती नाणी सोनाराच्या मुशीतून वाचली असती!

आणि ती वाचणे का महत्त्वाचे, हे जोगलटेंभीइतके स्वच्छ कुठेच दिसत नाही. ती नाणी क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राने क्षहरातांचे निर्मूलन केल्याचा लेख आहेच, पण राजाची स्तुती ही शेवटी स्तुती. इथे मात्र हरलेल्याच्या चलनावर जिंकणाऱ्याचा शिक्का होता, आणि तोही दोन तृतीयांश नाण्यांवर. हे प्रमाण कळले ते साठा एकत्र राहिला म्हणून. दहा-वीस नाणी बाजारात आली असती आणि बाकीची वितळली असती, तर आपल्या हाती केवळ एक कुतूहल उरले असते. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, म्हणजे प्राचीन भोगवर्धनला, 1973 मध्ये शां. भा. देव आणि रा. श्री. गुप्ते यांनी उत्खनन केले. तिथली छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती पॉम्पेईत मिळालेल्या मूर्तीशी जुळते. तिचे मोल हस्तिदंताच्या वजनात नाही. ती कोणत्या थरात, कशासोबत मिळाली, यात आहे.

म्हणून डिटेक्टर घेऊन या जिल्ह्यात कुणी काही करायचेच असेल, तर त्याने भोकरदनपासून जवळच असलेल्या असईकडे जावे, आणि तेही पुरातत्त्व विभागाच्या परवानगीने. 23 सप्टेंबर 1803 रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची लढाई झाली. शिंद्यांच्या कवायती पलटणींनी ऐन वेळी आपली आघाडी काटकोनात फिरवली. इंग्रजांची 74 वी पलटण वाट चुकून असई गावाकडे सरकली आणि कापली गेली. ही फिरलेली रांग नेमकी कुठे उभी होती? 74 वीचे उरलेले सैनिक कोणत्या शेतात कोंडाळे करून लढले? अमेरिकेत 1984 मध्ये लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी डिटेक्टरने गोळ्या आणि काडतुसे शोधली आणि प्रत्येकाची जागा नकाशावर मांडली. कोण कुठून कुठे सरकले, हे त्यातून उलगडले. असईच्या शेतांत शिशाच्या गोळ्या उथळ थरात असतील, तर त्या या यंत्राच्या आवाक्यातल्या आहेत. मराठवाडा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी दोन उन्हाळे तिथे घालवले, पेरणीआधी मोकळ्या रानात आखून चौकोन पाडले आणि एकेक गोळी टिपून ठेवली, तर शिंद्यांच्या पलटणींची हालचाल इंग्रजी खलित्यांवर विसंबून न राहता तपासता येईल.