हातमोजे, विद्युत् निरोधक
विद्युत् वाहिनीवर काम करणाऱ्याच्या हातातून प्रवाह जाऊ नये म्हणून वापरण्यात येणारे, बिनशिवणीचे व मनगटाच्या बरेच वर येणारे रबरी हातमोजे. आंतरराष्ट्रीय मानकात (आयईसी ६०९०३) त्यांचे ००, ०, १, २, ३ व ४ असे सहा वर्ग असून त्यांची वापराची कमाल मर्यादा ५०० ते ३६,००० व्होल्ट आहे. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या शेतांवरून जाणाऱ्या वितरण वाहिन्या ११,००० व्होल्टच्या, तर रोहित्रापासून कृषिपंपापर्यंतच्या तारा सु. ४०० व्होल्टच्या असतात. या तारांसाठी ० वर्गाचा (१,००० व्होल्ट) मोजा पुरतो. वाहिनीसाठी २ वर्गाचा (१७,००० व्होल्ट) लागतो. दोन्ही दिसायला सारखेच असल्याने काठाजवळील वर्गचिन्ह पाहूनच मोजा उचलावा लागतो.

परीक्षणासाठी मोज्यात पाणी भरून तो पाण्याच्या टाकीत असा टांगतात की, आतील व बाहेरील पातळी सारखी राहील. काठाकडील पट्टा कोरडा ठेवतात. नाहीतर काठावरूनच ठिणगी उडते. आतील पाण्यात विद्युत् अग्र सोडून दाब हळूहळू वाढवितात. २ वर्गासाठी तो २०,००० व्होल्टपर्यंत नेतात. रबर भेदले गेले किंवा मिलिअँपिअरमध्ये मोजला जाणारा गळती प्रवाह मर्यादेबाहेर गेला, तर मोजा बाद ठरतो. १ ते ४ वर्गांच्या मोज्यांचे हे परीक्षण दर सहा महिन्यांच्या आत करावयाचे असते.

परीक्षणाचा शिक्का मात्र त्या दिवसापुरताच खरा. दुसऱ्याच दिवशी बाभळीचा काटा किंवा तारेचे टोक रुतून सहज न दिसणारे छिद्र पडू शकते. म्हणून दरवेळी वापरण्यापूर्वी काठ गुंडाळून आत हवा कोंडतात, फुगलेला मोजा गालाजवळ धरून गळती अजमावतात व बोटे ताणून तडे पाहतात. घडी पडलेल्या जागी ओझोनामुळे तडे जातात. रोहित्राच्या तेलाने रबर फुगते. साठवणीसाठी मानकात १०° ते २१° से. तापमान सुचविले आहे. यवतमाळचा उन्हाळा ४०° से.च्या वर जातो, तेव्हा दुचाकीच्या पेटीत मोजे ठेवणे घातकच. रबरी मोज्यावर चामडी मोजा घालतात, तो केवळ ओरखडे टाळण्यासाठी. चामडे हे निरोधक नव्हे.

भारतीय विद्युत् नियम, १९५६ मधील छत्तिसाव्या नियमाने कामगारास हातमोजे पुरविणे व ते सुस्थितीत राखणे बंधनकारक केले होते. तथापि मोजे हा वाहिनी बंद करून भूसंपर्कित करण्याला पर्याय नाही. एखाद्या ग्राहकाचे जनित्र तारांना जोडलेलेच राहिले, तर त्याचा अल्प दाब रोहित्रातून उलट जाऊन बंद वाहिनीवर पुन्हा ११,००० व्होल्ट उभे करू शकतो. भूसंपर्काची साखळी लांब निरोधक काठीने तारेला अडकविली जाईपर्यंत ही शक्यता उरतेच, म्हणून तोपर्यंत लाइनमनने मोजे काढावयाचे नसतात.