मोत्याला कडा नसते

आईचा एकच फोटो घरात उरलेला. त्यावरून तिचे तैलचित्र करायला बसलो नि तीनदा फसलो. नाक रेखीव, नथीतला मोती न् मोती मोजून घेतलेला; पण चेहरा मेणाचा! शेवटी आमचे एक ड्रॉइंग मास्तर म्हणाले, "आधी एखाद्या थोराची नक्कल करा."

म्हणून व्हर्मीरची मोत्याचा डूल घातलेली मुलगी घेतली. मूळ चित्र सुमारे १६६५ सालचे, हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयातले. माझ्यापुढे अर्थात छापील प्रत. पहिला तपकिरी थर टर्पेंटाइनने पातळ केला, वरचे थर जवसाच्या तेलात. उलट केले की रंग पुढे तडकतो. फेट्याचा निळा त्याने लाजवर्दाच्या खड्यापासून केलेला. माझा बाजारच्या नळीतला!

नाकाशी मात्र अडलो. कड शोधतो, तर उजेडाच्या बाजूला कडच नाही. नाक गालात विरघळलेले. मोतीही तसाच. वर पांढरा ठिपका, खाली कॉलरची पुसट झळक. अडकवायला कडीसुद्धा नाही.

मग नव्या कॅनव्हासवर पुन्हा आई. या खेपेस नथीला चारच ठिपके दिले, नाकाची कड बोटाने गालात मिसळली. परवा ताई आली. दारात चपला काढता काढता तशीच थांबली.