विश्लेषण : कॉलेजचे दिवस संपत आल्यावरच का आवडू लागतात?

शेवटचे सत्र सुरू झाले की कॉलेजच्या आवारात एक बदल हमखास दिसतो. तीन वर्षे ज्या कॅन्टीनच्या चहाला नावे ठेवली, त्याच कॅन्टीनसमोर ग्रुप फोटोसाठी गर्दी होते. एरवी लेक्चर बुडवणारेही शेवटच्या तासाला वेळेवर हजर असतात. चहा तोच आणि वर्गही तोच, फक्त उरलेले दिवस मोजता येऊ लागलेले असतात. चांगले दिवस चालू असताना ते कळत का नाहीत? मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा प्रयोगांतून शोध घेतला आहे.

शेवट समोर दिसला तर काय होते?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेमी कुर्ट्झ यांचा यावरील अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पदवी मिळायला सुमारे सहा आठवडे उरलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी कॉलेजजीवनाविषयी लिहायला सांगितले. काहींना ‘आता फारच थोडा वेळ उरला आहे’ याची जाणीव करून दिली, तर काहींना ‘अजून बराच वेळ आहे’ असे सांगितले. प्रत्यक्षात सर्वांकडे सारखेच दिवस होते. थोडा वेळ उरल्याचे ऐकलेला गट पुढील दोन आठवड्यांत कॉलेजमधील उपक्रमांत अधिक रमला आणि त्यांचे समाधानही वाढले. शेवटाच्या जाणिवेने विद्यार्थी खचतील असे वाटू शकते, पण घडले उलटेच.

मग ही जाणीव आधी का होत नाही?

एक कारण म्हणजे ‘आपण आता आहोत तसेच राहणार’ हा समज. जॉर्डी क्वाडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमथी विल्सन यांनी १८ ते ६८ वर्षे वयाच्या १९ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. गेल्या दहा वर्षांत स्वभाव, आवडीनिवडी आणि मूल्ये किती बदलली, असे विचारले तर लोक ‘बरीच’ म्हणत. पुढील दहा वर्षांत किती बदलतील, याचे उत्तर मात्र ‘फारशी नाहीत’ असे येई. उद्याही हेच मित्र, हाच उत्साह आणि हीच मोकळीक असणार असे गृहीत धरले, की आजच्या दिवसाकडे वेगळे लक्ष द्यावेसे वाटत नाही.

वय वाढले की वर्षे लवकर का सरतात?

दहा वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा भाग, तर पन्नाशीत तेच वर्ष आयुष्याचा पन्नासावा भाग असते. फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल जाने यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेल्या या युक्तिवादाचा उल्लेख विल्यम जेम्स यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात केला. दुसरे स्पष्टीकरण स्मरणशक्तीचे आहे. चाळिशी ओलांडलेल्यांना आयुष्यातील आठवणी विचारल्या, तर साधारण १० ते ३० या वयातील आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. पहिले हॉस्टेल, पहिला पगार, पहिले प्रेम अशा अनेक गोष्टी याच काळात पहिल्यांदा घडतात. पुढे दिनक्रम ठरून जातो आणि मागे वळून पाहताना महिने एकमेकांत मिसळून जातात.

लक्षात ठेवण्याजोगे रोज काय असते?

हार्वर्डमधील टिंग झांग आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये नेमके हेच तपासले. विद्यार्थ्यांनी नुकतीच ऐकलेली गाणी, अलीकडचे एखादे संभाषण, मित्रांमधला खास विनोद अशा किरकोळ गोष्टी लिहून ठेवल्या. नंतर त्या वाचायला किती आवडेल, याचा अंदाजही त्यांनी दिला. तीन महिन्यांनी वाचताना विद्यार्थ्यांना सरासरीने अंदाजापेक्षा जास्त उत्सुकता वाटली, असे निकालातून दिसले. याच संशोधनाच्या दुसऱ्या भागात, खास दिवसापेक्षा साध्या दिवसाच्या नोंदीबाबत हा अंदाज जास्त चुकला. वाढदिवस आपोआप लक्षात राहतो, पण मंगळवारची संध्याकाळ राहत नाही.

मग फोटो काढले की झाले?

फक्त तेवढ्याने नाही. लिंडा हेन्केल यांच्या २०१४ मधील प्रयोगात संग्रहालयातील काही वस्तूंचे फोटो काढायला आणि काही नुसत्या पाहायला सांगितले होते. फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला, तेव्हा ही घट दिसली नाही. म्हणजे मोबाइलपेक्षा फरक पडतो तो लक्ष देण्याने.

‘निकाल लागला की जगू’ म्हणणाऱ्यांचे काय?

हा प्रश्न महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे. स्पर्धा परीक्षांसाठी हजारो तरुण पुण्यात खोली घेऊन राहतात. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला खुल्या गटात ३२ वर्षे वयापर्यंत बसता येते. ‘पोस्ट मिळाली की मग बघू’ म्हणताना विशीतील बरीच वर्षे निघून जातात. वर्तमानात जगायचे म्हणून त्यांनी अभ्यास सोडावा, असे हे संशोधन सांगत नाही. अनेकांसाठी हा काळ पैशांच्या ओढाताणीचा आणि ताणाचा असतो, हेही खरेच. पण अभ्यासिकेतून परतताना घेतलेला कटिंग, मेसच्या भाजीवरून झालेली थट्टा, रात्री उशिरापर्यंत रूममेटशी मारलेल्या गप्पा यांना निकालाची वाट पाहावी लागत नाही. निवड झाली किंवा नाही झाली, तरी हे दिवस त्याच तरुणाईत मोजले जाणार आहेत.

काय करता येईल?

फोनच्या नोट्समध्ये आठवड्यातून एकदा तीन ओळी लिहिता येतील : कोणाबरोबर जेवलो, कशावर हसलो, कोणते गाणे डोक्यात घोळत होते. ज्या गोष्टींचा शेवट माहीत आहे, त्यांच्या तारखाही कॅलेंडरमध्ये टाकाव्यात. सत्र कधी संपणार, खोलीचा भाडेकरार कधी संपणार, मैत्रीण नोकरीसाठी परगावी कधी जाणार, हे बहुतेक वेळा आधीच ठाऊक असते. तारीख समोर असली, की ‘भेटू कधीतरी’ ऐवजी ‘या शनिवारी भेटू’ म्हटले जाते.