काचेला जाळी पडते तेव्हा

भंगारवाला दारात आला की रद्दी, पत्रा, प्लॅस्टिक सगळं काट्यावर चढतं. फुटकी काच मात्र तो बाजूला सारतो. पोतं फाटतं, हात कापतो, वजन भरपूर आणि भाव नगण्य. पनवेल-कळंबोलीच्या ट्रकवाल्यांची फुटलेली काच असो की घरातली लोणच्याची बरणी, शेवटी ती कचऱ्यात जाते आणि सफाई कामगाराच्या हाताला लागते. मला ही गोष्ट फार खुपते, कारण काच कितीही वेळा वितळवता येते.

हे ज्ञान आपल्याकडे जुनं आहे. घाट चढून गेलं की तळेगाव दाभाडे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत उभ्या केलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तिथे काचेचा कारखाना निघाला. काचेच्या भट्टीत कच्च्या मालाबरोबर चुरा टाकतात. तो वाळूपेक्षा लवकर वितळतो, इंधन वाचतं. पण बाटलीच्या भट्टीचं सोवळं कडक. पांढऱ्या काचेत हिरवी चालत नाही, आणि चिनीमातीचा एक खडा राहिला तरी बाटली तिथेच तडकते. शहरातली काच तर सगळी सरमिसळ.

या सरमिसळ काचेसाठी दुसरी भट्टी आहे. काच धुऊन, वाळवून पिठासारखी दळतात. त्यात सिलिकॉन कार्बाइडची किंवा चुनखडीची थोडीशी पूड मिसळतात आणि पट्ट्यावर पसरून तो थर बोगद्यासारख्या भट्टीतून नेतात. साधारण ८०० ते ९०० अंश सेल्सिअसला काच पातळ होत नाही, कणकेसारखी मऊ होते. नेमका तेव्हाच पुडीतून वायू सुटतो. तव्यावर आंबोळीला पडते तशी जाळी काचेला पडू लागते. फरक एवढाच की आंबोळीचे बुडबुडे वर येऊन फुटतात, इथे घट्ट काच त्यांना आतच धरून ठेवते. थर कित्येक पट फुगतो. भट्टीबाहेरची गार हवा लागली की तडतडून त्याची आपोआप खडी होते. लाद्या हव्या असतील तर हळूहळू, तासन् तास निववावं लागतं.

बंद छिद्रांच्या लाद्या जळत नाहीत, पाणी शोषत नाहीत. शीतगृहाच्या फरशीखाली त्या उत्तम. छिद्रं एकमेकांत उघडणारी ठेवली तर पाणी गाळायला किंवा मुळांशी ओल धरायला ती खडी वापरता येते.

पनवेलसाठी मला महत्त्वाचं वाटतं ते तिचं वजन. घनमीटरभर अखंड काच अडीच टनांची. याच खडीचा तेवढा ढीग दीडशे-दोनशे किलोंचा. मुरुमाचा दीड टनाहून जास्त. आमची खाडीकाठची जमीन म्हणजे मऊ चिकण गाळ. त्यावर मुरुम-दगडाचा भराव घातला की गाळातलं पाणी हळूहळू निघतं आणि रस्ता वर्षानुवर्षं खचत राहतो. शिवाय भरावासाठी डोंगर फुटतात. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंगांनी उतरवून तिचाच दगड भरावात घातला गेला. हलकी खडी घातली तर गाळावर भारच कमी येतो. नॉर्वेत ती रस्त्यांखाली वापरतात. अमेरिकेत फिलाडेल्फियाला ११ जून २०२३ रोजी टँकरच्या आगीत महामार्गाचा पूल कोसळला, तेव्हा खड्डा याच काचखडीने भरून बाराव्या दिवशी वाहतूक सुरू केली.

काळजीही घ्यावी लागते. ही खडी पाण्यावर तरंगते. भरतीचं आणि पुराचं पाणी चढेल तिथे वर पुरेसा जड थर हवाच. जुन्या टीव्हीच्या नळ्यांत शिसं असतं, ती काच यात मिसळता कामा नये. दळायला वीज आणि भट्टीला इंधन लागतं, म्हणून काच लांबून वाहून आणणं परवडणारं नाही. ती जवळच जमली पाहिजे. सोसायटीच्या फाटकाशी फक्त काचेसाठी एक पिंप आणि ते उचलणाऱ्याच्या हातात जाड हातमोजे, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. तळेगावची भट्टीसुद्धा दारोदार जमवलेल्या एकेका पैशावरच पेटली होती.